कोळणीच्या कष्टाची नोंद

(आई गावदेवीच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात गावच्या एका माहेरवाशिणीने, निवृत्त शिक्षिकेने, केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनीच ते लिहून दिले आहे.)



माहेरच्या देवळात माहेरवाशिणीने ओटी भरावी, नारळ ठेवावा आणि गुपचूप प्रसाद घेऊन निघावे, अशी आपली रीत. तुम्ही मला बोलायला उभे केले हा तुमचा मोठेपणा. मी आयुष्यभर लहान मुलांपुढे बोलले. मोठ्यांच्या सभेत बोलायची सवय नाही. तेव्हा काही कमी-जास्त बोलले गेले तर लेकीचे बोल समजून पोटात घाला.

आपले जुने देऊळ तुम्हांला आठवत असेल. लाकडी खांब, मंगलोरी कौले, आणि पावसाळ्यात गाभाऱ्याबाहेर हमखास ठेवलेले एक घमेले, कारण तिथे पाणी गळायचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यात देवळावरची निम्मी कौले उडाली आणि तुळई खचली. त्या दिवशी गावात कोणाचेच छप्पर शाबूत राहिले नव्हते. गावाने आधी आपापली घरे शाकारली, मग देवीच्या घराला हात घातला. आज हा मंडप उभा आहे. समितीने हिशेब चोख ठेवला आणि काम तडीस नेले, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

पण मला आज बोलायचे आहे ते देवळाच्या कामाविषयी नव्हे, बायकांच्या कामाविषयी. दोन्हींचा संबंध आहे. तो शेवटी सांगेन.

मासेमारी म्हटली की डोळ्यांपुढे काय येते? होडी, जाळे, सुकाणू धरलेला तांडेल. चित्रात कोळीण असते ती फक्त केसांत वेणी माळून नाचणारी. नाच आपण करतो, नारळी पौर्णिमेला करतो, होळीला करतो. पण वर्षाचे बाकीचे दिवस ती काय करते, हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक नसते. मासा पाण्यात असेपर्यंत तो देवाचा. जाळ्यात आला की नाखवाचा. पण त्याचा पैसा होतो तो बाईच्या हातून. होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचे काम संपते आणि बाईचे सुरू होते.

माझी आई शाळेत गेली नाही. घड्याळ तिला वाचता येत नव्हते. पण भरती कधी लागणार हे ती झोपेतून उठून सांगायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. हा हिशेब मला तिने शिकवला, आणि पुढे मी चौथीच्या वर्गाला पाऊणकी शिकवताना हेच उदाहरण द्यायची. आपली डोल पाण्याच्या ओढीवर भरते. उधाणाला पाणी जोरात, म्हणून मासळी जास्त. भांगाला ओढ कमी, म्हणून मासळी कमी. त्यामुळे आपल्या बायकांचा दिवस सूर्यावर चालत नाही, चंद्रावर चालतो. आज पहाटे चारला बंदरावर, तर चार दिवसांनी सातला. स्वयंपाक, पोरांची शाळा, सासूचे औषध हे सारे त्या फिरत्या वेळात बसवायचे. कोणत्याही कचेरीत असे कामाचे तास असते तर कारकुनांनी संप केला असता!

होडी आली की पहिले काम निवडायचे. एका डोलीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, ढोमा, वाकटी सगळे एकत्र येते. कंबरेत वाकून बायका भराभर वाटे करतात. कोणते ओले विकायचे, कोणते सुकवायचे, कोणते घरात ठेवायचे हा निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा. आई म्हणायची, "पोरी, बोटांनी मोजू नकोस, डोळ्यांनी मोज." तिचा वाटा तराजूत टाकला तरी फार चुकायचा नाही.

मग बोंबील. ओल्या बोंबलात बहुतेक सारे पाणीच. दिवसभर तसाच राहिला तर लगदा होतो. त्याला पैशाचे मोल येते ते सुकल्यावर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकायची. ऐकायला सोपे आहे. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात. हजार जोड्या अडकवल्या की बोटांची काय दशा होते ते इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. वर ऊन हवे, वारा हवा, दव नको. जवळा खळ्यावर पसरायचा, उलटायचा, कावळे-कुत्रे राखायचे, संध्याकाळी गोळा करायचा. कोळंबी सोलून सोडे करायचे. सोलताना तिचे काटे टोचतात, पाण्याने हात चिघळतात. शहरात सोड्यांची किंमत ऐकून लोक भुवया उंचावतात. एक शेर सोड्यांना किती कोळंबी सोलावी लागते हे ती किंमत विचारणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आणि मग पाटी. माझ्या लहानपणी आई पाटी डोक्यावर घेऊन चार कोस आतल्या गावांना जायची. आगोटीच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुकट-बोंबील देऊन भात घ्यायची. कुणब्याच्या घरी चार महिने कालवणाची सोय, आमच्या घरी चार महिने भाताची. कोणाकडे किती येणे आहे, ते कधी फेडायचे कबूल केले, कोणाच्या घरी लग्न असल्याने थांबायचे, हे सगळे तिच्या डोक्यात. विसरू नये म्हणून चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाच्या रेघा ओढायची. दिवाळीला घर सारवताना सगळ्या भिंती सारवल्या जात, ती भिंत सोडून. तीच आमच्या घराची खातेवही होती.

होडीला लागणारे भांडवल तरी कुठून यायचे? सुतापासून सुरुवात करा. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. तो धागा घरोघर बायकांनी काततच आणला. पुढे १९६०च्या दशकात नायलॉन आले, इंजिने आली. कातण्याचे कष्ट गेले, पण डिझेल, बर्फ, दुरुस्ती यांचा खर्च आला. हंगामाच्या सुरुवातीला होडी ढकलायची तर घरातली सोन्याची पुतळी गहाण पडते. ती पुतळी कोणाच्या गळ्यातली असते? म्हणजे होडीत बाईचे भांडवल, मासळीवर बाईची मेहनत, विक्री बाईची, उधारी वसूल करणे बाईचे. आणि होडीच्या कागदावर, सोसायटीच्या वहीत नाव कोणाचे?

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सांगते.

माझे वडील आजाराने गेले तेव्हा मी सातवीत होते. धाकटा भाऊ सहा वर्षांचा. बारावे-तेरावे उरकले आणि चौदाव्या दिवशी आई पाटी घेऊन निघाली. लोकांनी नावे ठेवली. तिने एवढेच म्हटले, "पोरांच्या पोटाला सुतक कळत नाही." पुढच्या महिन्यात मला शाळेची फी-माफी मिळावी म्हणून एका कचेरीत अर्ज द्यायचा होता. आईला लिहिता येत नव्हते, तेव्हा अर्ज मी भरला. "पालकाचा व्यवसाय" असा रकाना होता. मी लिहिले, "मासळी विक्री." समोरच्या गृहस्थांनी तो खोडला. ते म्हणाले, "बाळ, धंदा वडिलांचा होता. आई काय करते? घरकाम. तसे लिही." आणि मी तसे लिहिले. माझ्या स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिले, "घरकाम." आई शेजारीच उभी होती. तिच्या कपाळावर चुंबळीचा वळ होता. तिने विचारले, "काय लिवलंस?" मी म्हटले, "बरोबर लिहिले, आये."

ती निरक्षर होती, म्हणून ते खोटे पचले.

गोष्ट इथे संपली असती तर मी त्या गृहस्थांना दोष दिला असता. पण पुढे मी शिक्षिका झाले. तीसहून अधिक वर्षे किनाऱ्यावरच्या शाळांत हजेरीपटे आणि दाखले लिहिले. कोळीवाड्यातली पोरे नाव घालायला यायची. वडिलांचा व्यवसाय मासेमारी. आईचा? मी न विचारताच लिहायची, "गृहिणी." जी बाई पहाटे बंदरावरून येऊन, अंगाला खवले चिकटलेली, माझ्यासमोर उभी असायची, तिच्या नावापुढे मी "गृहिणी" लिहिले. किती जणींच्या नावापुढे लिहिले ते देवीलाच ठाऊक. म्हणून मी आज कोणावर बोट दाखवायला उभी नाही. त्या चुकीत माझाही हात आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, कागदावरच्या एका शब्दाने काय बिघडते? पोट तर भरते ना? भरते. पण संकट आले की कागदच बोलतो, माणूस बोलत नाही. हे आपण आठ महिन्यांत तीनदा भोगले. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही दोन वादळे एकामागून एक अरबी समुद्रात उठली. ऐन बोंबील सुकवायच्या दिवसांत आभाळ दाटले आणि वलांडीवरचा माल काळा पडला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बाजार बंद झाले. होता तो सुका माल बायकांनी आगोटीला विकू म्हणून माळ्यावर रचून ठेवला. आणि ३ जूनला निसर्ग वादळाने त्याच माळ्यावरची छपरे उडवली. सुके बोंबील, सुकट, सोडे सारे भिजून कुजले. त्या वासाने गावात आठ दिवस बसवत नव्हते.

मग पंचनामे झाले. होडी मोडली, तिला नंबर होता. जाळे फाटले, ते होडीबरोबर मांडले गेले. घर पडले, त्याची घरपट्टी होती. पण माळ्यावरचा माल कोणाचा? किती? पावती कुठे? वलांडीचे बांबू मोडले, ते कोणत्या रकान्यात लिहायचे? आमच्या आळीतल्या एका विधवा बाईने भिजलेल्या सुकटीचे गोणपाट उघडून दाखवले. पंचनामा करणारा माणूस भला होता. तो हळहळला, पण त्याच्या कागदावर तो रकानाच नव्हता. तिच्या पूर्ण वर्षाच्या कमाईची नोंद झाली ती शून्य.

तरी काही बदलते आहे, हेही सांगितले पाहिजे. क्यार आणि महा वादळांच्या नुकसानीसाठी राज्य सरकारने २०२० साली जी मदत जाहीर केली, तीत मासळी विकणाऱ्या महिलांसाठी शीतपेट्यांची रक्कम वेगळी धरली होती. विकणारी बाई म्हणून सरकारी कागदात तिला जागा मिळाली. शहरांतल्या विक्रेत्यांसाठी २०१४ साली पथविक्रेता कायदा झाला. त्यानुसार शहराच्या विक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यातल्या ज्या बायका तालुक्याच्या आणि शहराच्या बाजारात बसतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळू लागले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलेच झाले. पण शेतकऱ्याला सातबारा लागतो. आपला सातबारा म्हणजे नोंदणी. ज्याचे नाव वहीत, त्याच्या दारात योजना. ज्याचे नाव नाही, त्याने दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे.

ही गोष्ट केवळ आपल्या गावाची नाही. २०१४ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सभासद देशांनी लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांत मासळी उतरल्यानंतरच्या कामावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि स्त्री-पुरुष समानतेवर दुसरे. २०२३ साली त्याच संघटनेने इतर संस्थांबरोबर जगभरच्या छोट्या मासेमारीचा अहवाल काढला. त्यात दिसले की या कामात गुंतलेल्या दर १० माणसांमागे ४ बायका आहेत, एकूण सुमारे साडेचार कोटी. आफ्रिकेतली बाई मासळी धुरावर सुकवते, आपली बाई उन्हावर सुकवते. दोघींचे नाव वहीत नाही, एवढे मात्र सारखे.

नुसते गाऱ्हाणे सांगून भागत नाही, हेही खरे. केरळात त्रिवेंद्रमकडच्या मासे विकणाऱ्या बायकांना मासळीच्या वासामुळे सार्वजनिक गाड्यांत घेत नसत. त्या पाटी घेऊन मैलोन् मैल चालत. १९८०च्या सुमारास त्या एकजुटीने उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी गाड्या सुरू झाल्या. आपल्यालाही गाडीत चढताना "पाणी गळतेय, मागे व्हा" हे ऐकायची सवय झाली आहे. सवय झाली म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता शेवटी देवळाकडे येते.

या देवळासाठी नाखवा मंडळींनी होडीमागे वर्गणी दिली, मुंबईकर चाकरमान्यांनी पगारातून दिली. त्यांचे उपकार आहेत. पण बाजारातल्या ओट्यावर एक पत्र्याचा डबा ठेवलेला होता, तो तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. दर पाटीमागे एक रुपया. ज्या दिवशी माल गेला त्या दिवशी, आणि ज्या दिवशी अर्धी पाटी परत आली त्याही दिवशी. चार वर्षे. कोणी कोणाला आठवण केली नाही. शिवाय पायाचे काम चालले होते तेव्हा रेती आणि खडी कोणी वाहिली? ज्या डोक्यांना पाटीची सवय होती त्यांनीच.

सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी बसायची आहे. तिची कच्ची यादी समितीच्या कृपेने मला पाहायला मिळाली. होडीवार, नावनिशीवार यादी आहे. सगळ्यांत खाली एक ओळ आहे, "समस्त महिला वर्ग."

बंधूंनो, ही ओळ कोणी वाईट हेतूने लिहिलेली नाही. ज्या हेतूने मी हजेरीपटात "गृहिणी" लिहीत होते, त्याच हेतूने ती लिहिली गेली. म्हणजे हेतूशिवायच. तसेच लिहायचे असते, म्हणून. पण बायकांच्या डब्याचा हिशेब त्यांच्यातल्याच एकीने वहीत लिहून ठेवला आहे. नावे आहेत, रकमा आहेत. ती वही मी पाहिली. माझ्या आईची चुलीमागची भिंत मला त्या वहीत दिसली. फरक एवढाच, की या वहीत आता अक्षरे आहेत, रेघा नाहीत.

तेव्हा माझी समितीला हात जोडून विनंती आहे. संगमरवर थोडा मोठा लागला तर लागू दे, जास्तीचा खर्च मी देते. पण त्यावर प्रत्येकीचे नाव येऊ दे. अमक्याची पत्नी, तमक्याची आई असे नव्हे, तिचे स्वतःचे नाव, आणि पुढे तिचा धंदा: मासळी विक्री, सुकी मासळी, जाळी विणणे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आपल्या राज्यात आधी आईचे नाव लागते, मग वडिलांचे. सरकारने जे कागदावर केले ते देवीच्या दारात करायला आपण का कचरावे? गाभाऱ्यात बसलेली तरी कोण आहे? आईच आहे ना?

आणि बायांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. दगडावर नाव आले म्हणून खूश होऊन थांबू नका. दगडावरचे नाव नातवंडे वाचतील, पण वादळात कामाला येईल ते वहीतले नाव. उद्यापासून सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज स्वतःच्या नावाने करा. विकलेल्या मालाची रोजची नोंद ठेवा, पोरीकडून लिहून घ्या. वलांडीचा आणि सुकवलेल्या मालाचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये तारखेसह ठेवा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पुरुष जाळी शिवतात तेव्हा आपण आपले कागद शिवू या. सोसायटीच्या पंचांनी त्या अर्जांना वाट द्यावी. जो रकाना कागदावर नाही, तो मागून घ्यावा.

माझी आई जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्या त्या अर्जाची नक्कल माझ्याकडे अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, पण अक्षर ठळक आहे. परवा इथे यायच्या आधी मी तो काढला आणि "घरकाम" या शब्दावर एक रेघ ओढून वर लिहिले, "मासळी विक्री." त्याने आता कोणाला फी-माफी मिळणार नाही. पण माझ्या हातून झालेली चूक माझ्याच हाताने दुरुस्त झाली.

आज तो कागद मी देवीच्या पायाशी ठेवला आहे. ओटीबरोबर.

माझे बोलणे लांबले. उधाणाची वेळ आहे, बऱ्याच जणींना बंदरावर जायचे असेल. आई गावदेवी दर्यावरच्या होड्या सांभाळो, आणि किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणाऱ्यांनाही बळ देवो.